आंघोळीची तार

तुरीच्या हिरव्या शेंगा बाजारात दिसल्या की मी समजते, थंडी आली. कॅलेंडर काय म्हणतं ते त्याच्याजवळ. काल संध्याकाळी महाल भागात गेले होते, तर गल्लीच्या तोंडाशी एक बाई शेंगांचं पोतं उघडून बसलेली. "घ्या ना ताई, दाना भरला आता," म्हणाली. दोन किलो घेतल्या, घरी आणून परातीत ओतल्या, आणि सोलता सोलता नखांत तो कोवळा हिरवा वास बसला. सोल्यांची आमटी, वर कच्चं जवसाचं तेल, बाजूला ज्वारीची भाकर. माझी थंडी इथून सुरू होते, आणि दरवर्षी तिच्या मागोमाग एक आगगाडीचा डबा येतो. त्या डब्यात मी तेरा वर्षांपूर्वी बसले होते, इथून हजारो मैल लांब, आणि पायांची बोटं आहेत की गेली तेही कळत नव्हतं.

नागपूर म्हटलं की लोक ऊन म्हणतात. आम्हीही तेच मिरवतो. मे महिन्यात आमच्याकडे कसं डांबर वितळतं, कावळे कसे झाडावरून पडतात, हे बाहेरगावच्या माणसाला सांगताना आमची छाती फुगते. थंडीबद्दल कोणी बोलत नाही. पण ती असते. डिसेंबरात पहाटे साडेचारला टाक्यातल्या पाण्यात हात घालून बघा. मी घातला आहे, लहानपणी रोज. माझे बाबा तो घालायला लावायचे.

बाबा गिरणीत विणकर होते आणि आम्ही नागपुरातल्या इंदोरा वस्तीत दोन खोल्यांच्या घरात राहायचो. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली तेव्हा मी सात वर्षांची होते, बाबांचं बोट धरून गर्दीत उभी होते, आणि धाकटा अशोक मायच्या कडेवर होता. त्या दिवसापासून बाबांनी एकच धरलं, पोरं शिकली पाहिजेत. स्वतः गिरणीतल्या एका जोडीदाराकडून अक्षरं शिकलेले, मराठी वाचायचे, लिहायचे, पण इंग्रजीशी गाठ नव्हती. पोरं शिकायची कशी, याचा त्यांचा एक उपाय होता. पहाटे उठायचं, थंड पाण्याच्या दोन बादल्या अंगावर घ्यायच्या आणि कंदिलाशी पुस्तक उघडायचं. "थंड्या पान्यानं आळस मरते," म्हणायचे. त्यांना स्वतःला लहानपणी कोणी उठवलं नव्हतं, पुस्तकाजवळ तर कोणी बसूच दिलं नव्हतं. आपल्याला मिळालं नाही ते पोरांना द्यायचं म्हणून तो माणूस स्वतः आधी दोन बादल्या घ्यायचा आणि मग आम्हाला हाक मारायचा. त्यांच्या मायेत मी कधी शंका घेतली नाही. आजही घेत नाही.

मला त्या पाण्याने काही झालं नाही. दात वाजायचे, मी शिव्या घालायचे, आणि पुस्तक घेऊन बसायचे. अशोक मात्र चार दिवस आंघोळ करायचा आणि पाचव्या दिवशी पडायचा. गुडघे, कोपरं, कधी हाताची बोटं सुजून यायची. डोळे पिवळे व्हायचे. ओरडायचा नाही, उशी दातांत धरायचा. माय तव्यावर खडेमीठ भाजून जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधायची आणि शेकत बसायची. मध्येच पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावायची. पाणी का, हे तिलाही सांगता यायचं नाही. "त्याले बरं वाटते," एवढंच. भाजलेल्या मिठाचा आणि जुन्या कापडाचा मिळून एक वास येतो. आमच्या घरातल्या थंडीचा तोच वास होता.

वैद्य म्हणाले वात. एक डॉक्टर म्हणाले संधिवात. आणखी एक जण नाडी बघून हसले आणि म्हणाले, रोगबिग काही नाही, परीक्षा जवळ आली की पोरांना असं होतंच. बाबांनी नेमकं हेच तिसरं उचललं. कारण ते जुळत होतं. उन्हाळ्यात पोरगा त्या मानाने बरा, आणि चाचणी परीक्षा आली, थंडी पडली, की अंथरुणात. मॅट्रिकला एकदा दोन पेपर बुडाले. दुसऱ्यांदा बसला, पण हातात पेन धरवेना. दोनदा नापास झाल्यावर बाबांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. एका खोलीत राहायचे आणि मायच्या तोंडून निरोप द्यायचे, "त्याले सांग, जेवाले बस म्हना." गल्लीत कोणी विचारलं तर म्हणायचे, "पोरगी शिकून राहिली. पोरगा कामचोर निघाला." हे अशोकला ऐकू जायचं. मला अजून राग येतो.

मी प्रयोगशाळेचा कोर्स केला आणि रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. साखर, लघवी, मलेरिया. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. चार वर्षांनी डॉक्टरसाहेबांनीच माझा अर्ज भरून पाठवला आणि इंग्लंडात नऊ महिन्यांचं प्रशिक्षण मिळालं. इंदोऱ्यातून विमानात बसणारी आमच्या गल्लीतली मी पहिली. बाबा विमान सुटेपर्यंत सोनेगाव विमानतळाच्या कठड्याशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. अशोक आला नव्हता. तो घरी पडून होता. निघताना त्याच्याजवळ बसले तर म्हणाला, "ताई, मी खरंच नाटक नाही करून राहिलो वं." मी म्हटलं, "मले माहीत आहे." पण मला काय माहीत होतं? काहीच नाही. विमानात सगळा वेळ तेच डोक्यात होतं.

इंग्लंडात मी राहत होते ते गाव उत्तरेकडे होतं, कापडगिरण्यांचं. भोंगा झाला की मला वाटायचं आता बाबा डबा घेऊन निघतील. माणसं भली, पण बोलायची नाहीत. आपल्याकडे पॅसेंजरमध्ये बसा, बडनेरा येईपर्यंत समोरच्या बाईला किती लेकरं, थोरलीला स्थळ आलं की नाही, सासू कशी, सगळं ठाऊक होतं. "कुठं जाऊन राहिले?" पासून सुरुवात करायची, गाडी आपोआप पुढे जाते. तिथे तीन तास समोरासमोर बसून लोक वर्तमानपत्राच्या मागे. मी नागपूरची, मला दम निघत नव्हता. मी विचारायचेच. लोक दचकायचे, आणि मग, खोटं नाही सांगत, बहुतेक जण बोलायला लागायचे. एक पंजाबी बस कंडक्टर भेटला, नागपूर म्हटल्याबरोबर "संतरा" म्हणाला आणि तिकीट द्यायचं विसरला. एक म्हातारे गोरे गृहस्थ गाडीत भेटले. तरुणपणी कामठीच्या छावणीत होते म्हणे. त्यांना हिंदीतलं एवढंच आठवत होतं, "बहोत गरम". ते त्यांनी मला चारदा म्हणून दाखवलं आणि उतरताना टोपी काढून हात हलवला. मी पुढे दोन दिवस खुशीत होते. परदेशात आपल्या गावाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस वेडा होतो. पण बघा, सगळ्यांना नागपूर माहीत होतं ते संत्र्याचं आणि उन्हाचं. आमची थंडी कोणी विचारली नाही.

ती विचारली ग्रेसने.

डिसेंबरचा पहिला आठवडा असेल. लंडनमध्ये दोन दिवसांचं काम आटोपून मी परत निघाले होते. डब्यातला हीटर बंद पडलेला, काचांवर आतून वाफ, गार्ड येऊन माफी मागून गेला. माझ्यासमोर एक आफ्रिकन बाई बसली होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून दहाएक वर्षांची तिची मुलगी. मुलगी आधी चुळबुळ करत होती, मग गप्प झाली, मग तिने कोटाची बाही दातांत धरली. मी उशी दातांत धरणारा एक पोरगा ओळखत होते.

बाईने पिशवी उघडली. लोकरीच्या मफलरीत गुंडाळलेला, ठासून भरलेला एक पायमोजा काढला आणि पोरीच्या गुडघ्यावर दाबून धरला. डब्यात वास पसरला, गरम मिठाचा आणि जुन्या कापडाचा. घराबाहेर पडून मला तीन महिने झाले होते आणि त्या घडीपर्यंत मी एकदाही रडले नव्हते. बाईने मग फिरकीच्या थर्मासातून पाणी ओतून पोरीला पाजलं. थोड्या वेळाने पुन्हा पाजलं. आणि मी, नागपूरची बाई, सरळ विचारलं, "काय झालं हिला?"

बाजूच्या साहेबांनी वर्तमानपत्र आणखी वर केलं. बाई माझ्याकडे बघत राहिली. बहुधा तिला आधी राग आला असावा. मी घाईघाईने सांगितलं, माझा भाऊ आहे, त्याला असंच होतं, माझी आई असंच मीठ शेकते, असंच पाणी पाजते, आणि कोणालाच कळत नाही काय आहे ते. तेव्हा ती सरकून बसली. तिचं नाव ग्रेस, मुलगी एफुआ, घाना देशातली माणसं. नवरा इकडे शिकायला आलेला. तिने मला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि एकेक प्रश्न मला टोचत गेला.

"थंडीत वाढतं?"

"हो."

"डोळे पिवळे होतात?"

"हो."

"थंड पाण्यात भिजला तर?"

माझ्यासमोर पहाटेचं अंगण होतं आणि दोन बादल्या.

ग्रेस म्हणाली, "आमच्याकडे याला जुनं नाव आहे. माझ्या मावशीचे दोन मुलगे याने गेले. इथल्या डॉक्टरांनी दुसरं नाव सांगितलं. रक्तातल्या पेशी वाकतात, विळ्यासारख्या. मग त्या अडकतात आणि दुखतं. मूल खोटं बोलत नसतं." हे शेवटचं वाक्य ती का म्हणाली कोण जाणे. मी तिला बाबांचं काही सांगितलं नव्हतं. तिलाही कोणाला तरी हे समजवावं लागलं असेल. तिने पावाच्या कागदी पिशवीवर इंग्रजीत तो शब्द लिहून दिला, सिकलसेल. तिचं स्टेशन आलं, तिने पोरीला खांद्यावर घेतलं, मी तिची पिशवी खाली दिली, आणि ती गेली. पत्ता घ्यायचं मला सुचलं नाही. सगळ्या गाडीची चौकशी करणारी मी, नेमकं तेवढं विसरले.

गाडी सुटली आणि मला दुसरंच आठवलं. चार वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच थंडीत, अशोकला ताप होता म्हणून मी त्याचं रक्त लॅबमध्ये नेऊन मलेरियासाठी पाहिलं होतं. मलेरिया नव्हता. पण काचेवर काही पेशी विचित्र दिसल्या होत्या, लांबट, टोकदार, वाकलेल्या. मला वाटलं, आपला हात अजून बसला नाही, स्लाइड नीट ओढली गेली नाही. साहेबांनी पाहिलं तर रागावतील. मी ती धुऊन टाकली. दुसरी केली नाही. म्हणजे माझ्या भावाचा रोग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि नळाखाली धुतला होता. बाबांनी एक चूक केली, तर मी दुसरी केली होती, आणि मी तर शिकलेली होते.

त्या रात्रीच पत्र लिहिलं. बाबा, अशोकला रक्ताचा आजार असावा, त्याला थंड पाण्याने आंघोळ घालू नका, भरपूर पाणी पाजा, ऊब द्या. पत्र जायला बारा दिवस, उत्तर यायला बारा. जानेवारी लागला तेव्हा निळ्या हवाई पत्रावर बाबांचं अक्षर आलं. "तू आपल्या अभ्यासात लक्ष दे. त्याले बहाने शिकवू नोको. रोग असता तर एवढे डाक्टर आंधये होते काय? मार्चात परीक्षा आहे. आंघोय चालू आहे." खाली मायचा आशीर्वाद, तोही बाबांच्याच अक्षरात. नागपुरात तेव्हा थंडी ऐन भरात असणार. मी कागद चुरगाळला, पुन्हा सरळ केला, आणि ठरवलं की आता मला सांगून भागणार नाही, दाखवावं लागेल.

इंग्लंडातल्या आमच्या लॅबच्या मुख्य होत्या फ्रेझरबाई, स्कॉटलंडच्या, पन्नाशीच्या, ओठ घट्ट मिटलेल्या. मी त्यांना म्हटलं, मला या पेशींची तपासणी शिकवा. म्हणाल्या, तुझ्या प्रशिक्षणात ती नाही, आणि या गावात असे रुग्ण येत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. घरी मला घोरपड म्हणायचे, ते उगाच नाही. नवव्या दिवशी बाई म्हणाल्या, "शनिवारी दुपारी ये, आणि सोमवारपासून मला हा प्रश्न विचारू नकोस."

तपासणी काय होती? ऐकलं तर हसाल. काचेवर रक्ताचा एक थेंब, त्यात एक पांढरी पूड नुकतीच विरघळवलेल्या पाण्याचा एक थेंब, वर पातळ काच, कडेने व्हॅसलीन लावून हवा बंद. आणि अर्धा तास थांबायचं. बस. या पुडीला काडेपेटीची काडी ओढल्यासारखा वास येतो. ती नागपुरातही मिळत होती, रामदासपेठेतच, आमच्या लॅबपासून चार दुकानं सोडून. बाई म्हणाल्या, आपल्याकडे तसं रक्त नाही, तेव्हा कृती तेवढी शिक, साध्या रक्तावर कर. मी माझंच बोट टोचलं. अर्ध्या तासाने डोळा लावला. गोल पेशी, गोल पेशी, आणि मग एक वाकलेली. दुसरी. मग बघता बघता ठिकठिकाणी विळे. मी मागे सरकले. फ्रेझरबाईंनी पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तुला स्वतःला त्रास होणार नाही. हे तुझ्यात अर्धंच आहे. पण घरात ज्याच्याकडे दोन्ही बाजूंनी आलं असेल, त्याला होईल."

मी कोट चढवला आणि पोस्टात गेले. पत्राला बारा दिवस लागतात, बारा बादल्या नव्हे, चोवीस. मी तार केली. कारकुनाने शब्द मोजले आणि मला विचारलं, एवढंच का? एवढंच होतं. अशोक, नो कोल्ड बाथ. लेटर फॉलोज. सुमन.

इथे माझी अक्कल कमी पडली. आमच्या गल्लीत तार म्हणजे कोणीतरी मेलं. दुसरं काही तारेने येत नाही, लग्नाचं बोलावणंसुद्धा पोस्टकार्डावर. तारवाला सायकलवरून उतरून बाबांचं नाव वाचत "लहानूजी कोन?" म्हणाला, आणि मायने तिथेच बसकण मारून माझ्या नावाने हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. बाबा पाळीवरून नुकतेच आलेले, तार हातात घेऊन उभे, पण ती इंग्रजी. सगळ्या गल्लीत इंग्रजी वाचणारा माणूस एकच, दोनदा मॅट्रिक नापास झालेला. अशोक भिंतीला धरून बाहेर आला. वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाला, "ताई बरी आहे. अशोकले थंड्या पान्यानं आंघोय घालू नका म्हन्ते."

कोणी विश्वास ठेवेना. बाबांचा चेहरा लाल झाला. किती महिन्यांनी ते त्याच्याशी थेट बोलले आणि बोलले ते हे, "बहीन मेली का जगली त्याची खबर आली, आन् तू त्याच्यात आपली आंघोय वाचून राहिला?" अशोकने तार तारवाल्याच्या हातात दिली. तारवाला म्हणाला, "पोरगा बराबर वाचून राहिला जी. आंघोयीचंच लिहिलं आहे." मग गल्ली हसली. माय रडता रडता हसली. बाबा हसले नाहीत, आत जाऊन बसले. हे सगळं मला अशोकने पत्रात लिहिलं, आणि शेवटी एक ओळ, "ताई, मी खरं वाचलं होतं."

तारेने काम केलं ते माझ्या शहाणपणाने नव्हे. गल्लीने केलं. पत्र बाबांनी एकट्याने वाचून घडी घालून ठेवलं होतं, तार सगळ्यांनी ऐकली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी बादली उचलली तर समोरच्या म्हाताऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, "काहून गा लहानू, थंडं पानी घेऊन राहिला? लंडनवरून तार आली ना?" नळावर बाया विचारायच्या, गिरणीत जोडीदार विचारायचे, आज पोराले गरम पानी दिलं का जी? दहा-बारा दिवस बाबांनी तोंड शिवून काढले. पण बादली खाली राहिली. माय चुलीवर मोठ्या गंजात पाणी तापवू लागली. मार्च उजाडेपर्यंत अशोक एकदाच पडला, तोही दोन दिवस. सगळे पेपर दिले. तिसऱ्या श्रेणीत पास झाला. गल्लीत पेढे वाटले ते मायने. बाबा म्हणाले, "तार आली म्हनून पास झाला," आणि त्यात टोमणा होता.

मे महिन्यात मी परत आले. विमानातून उतरले तर झळ अंगावर आली, आणि मला ती ओवाळल्यासारखी वाटली. तिसऱ्या दिवशी, रविवारी, लॅब बंद असताना, साहेबांकडून किल्ली मागून मी तिघांना रामदासपेठेत नेलं. बाबा यायला तयार नव्हते. मी म्हटलं, चला, नाहीतर मी पुन्हा तार करते. तिघांची बोटं टोचली. अर्धा तास थांबायचं होतं. वर पंखा फिरत होता, माय पदराने वारा घेत होती, अशोक खिडकीतून सायकलरिक्षा बघत होता.

आधी मी बाबांना एक निरोगी रक्त दाखवलं, लॅबमधल्या बाटलीतलं. सगळं आयुष्य ताण्याबाण्याचा एकेक धागा पाहिलेला माणूस, त्यांना दाखवून द्यावं लागलं नाही. "गोल आहेत," म्हणाले. मग अशोकची स्लाइड लावली. बाबा वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. तुटलेला धागा शोधताना बसायचे तसेच, एक डोळा मिटून.

"हे अशोकचं?"

"हो."

"हे असं वाकडं त्याच्या आंगात फिरून राहिलं?"

"थंडी लागली की जास्त. ते अडकतं, म्हणून दुखतं."

मग मी तिसरी स्लाइड लावली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "यातही आहेत. हे कोनाचं?"

"तुमचं, बाबा. मायचंही असंच आहे. माझंही. आपल्याकडं अर्धं आहे, म्हणून दुखत नाही. त्याच्या वाट्याले दोन्हीकडून आलं."

बाबा सरळ झाले. स्टुलावर बसून राहिले. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, आणि मी त्या हातांकडे बघत होते, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं. शेवटी म्हणाले, "म्हन्जे थो खोटं बोलत नव्हता."

अशोक खिडकीशीच होता. त्याने वळून बघितलं नाही. मी त्याच्या पाठीकडे बघून सांगू शकते, त्याने ऐकलं. माफी वगैरे काही झालं नाही. आमच्याकडे बाप पोराची माफी मागत नाही, आणि मागितली असती तर अशोकला कुठे जाऊ नि कुठे नको असं झालं असतं. येताना रिक्षात बाबांनी त्याला आपल्या बाजूला, सावलीच्या अंगाला बसवलं, एवढंच.

सोमवारी मी साहेबांना सांगितलं की या लॅबमध्ये आता ही तपासणी होईल. त्यांनी विचारलं, कोण करवून घेईल? मी म्हटलं, मी शोधून आणते. आणि आणले. आमच्या गल्लीतून, शेजारच्या वस्तीतून, मग खेड्यांतून कापूस विकायला आलेल्या शेतकऱ्यांची पोरं, वातवाली, आळशी, नाटकी, नजर लागलेली. कितीतरी घरांत एक अशोक निघाला. पुढे अशोकचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा मी मुलीच्या घरी सुई घेऊन गेले. लोक हसले. पत्रिका न बघणारी माणसं आता रक्त बघू लागली म्हणाले. हसू देत. मुलीच्या पेशी गोल निघाल्या, मग मी चहा प्यायले. माझं स्वतःचं लग्न झालं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि तो विषय इथला नाही.

अशोक बरा झाला असं मी म्हणणार नाही. हा रोग जात नाही. दोनदा आम्ही त्याला दवाखान्यात मरणाच्या दारातून ओढून आणला. पण तो बत्तीस वर्षांचा आहे, हिंगण्याच्या एका कारखान्यात भांडारात कारकून आहे, आणि कंपनीच्या बसमध्ये कानाला मफलर बांधून, मांडीवर पाण्याची बाटली घेऊन बसतो. सोबतचे चिडवतात. हे कशासाठी, ते त्याने एकेकाला धरून सांगितलं आहे. मला ग्रेस आठवते. प्रवासात भेटलेल्या माणसाचं हे असं असतं, देऊन जातो आणि परत द्यायला पत्ता ठेवत नाही. एफुआ आता तेवीसची असेल. असावी. ग्रेसला मला एवढंच सांगायचं होतं की तू पिशवीवर लिहिलेला शब्द पोचला. ते सांगता येत नाही म्हणून मी बोटं टोचत राहते.

आज पहाटे खरी थंडी पडली. माय आता नाही. घरात न्हाणीत गीझर आहे, अशोकनेच पहिल्या बोनसमधून लावला. बाबांना सत्तरी उलटली, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी ते सगळ्यांच्या आधी उठतात. मी जागी होते. न्हाणीत बादली भरल्याचा आवाज आला. बाबा चाचपडत गेले, सदऱ्याची बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात बादलीत घातला. तेरा वर्षं, थंडीत रोज, हे असंच चालतं, आधी मायच्या गंजात, आता गीझरच्या पाण्यात. गीझरचं पाणी हात पोळेल इतकं तापतं, त्यात बघण्यासारखं काही नसतं. अशोकला हे माहीत आहे. त्याची साडेसहाची बस असते. तरी तो खांद्यावर पंचा टाकून दाराशी उभा राहतो, आणि बाबांनी हात बाहेर काढून "हं, जाय आता" म्हटल्याशिवाय आत जात नाही.